भूपालअण्णा आणि पलीकडचा काठ

भूपालअण्णा गावात बोलायला लागले की कृष्णेपलीकडच्या मळ्यातली माणसं मान वर करून बघायची, असा त्यांचा आवाज. पंचांच्या बैठकीत, पाण्याच्या पाळीवरून, गुऱ्हाळावर, स्वतःच्या बैलांशीसुद्धा ते एकाच पट्टीत बोलत. त्यामुळे मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर म्हसवडकडच्या तलावावर गेलो आणि काठच्या बाभळीखाली बसल्यावर ते माझ्या कानाशी वाकून पुटपुटले, तेव्हा मला वाटलं, यांचा घसा बसला. मी दवाखान्यातला कंपाउंडर. लगेच खिशातली ज्येष्ठमधाची कांडी काढून पुढं केली. अण्णांनी ती घेतली, तोंडात टाकली आणि तसंच पुटपुटत म्हणाले, "घसा चांगला हाय माझा. हितं हळू बोलायचं कंपाउंडर. आपण हितं पाव्हणं हाय."

मी गावात नवा होतो. माझी खोली अण्णांच्या घरासमोर. अण्णा जैन शेतकरी, खाऊनपिऊन सुखी. नदीकाठी ऊस, वरच्या रानात हळद. घरात बायको रत्नाक्का आणि एकुलता एक मुलगा शांतिनाथ, म्हणजे शांतू. पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, कांदा-बटाटा शिवायचा नाही, सूर्य मावळला की घास तोंडात घालायचा नाही, हे त्यांचे नेम. प्रवासातही गाळायचं फडकं खांद्यावर असे. आणि एक नेम असा होता, की ज्यापायी सगळं गाव त्यांना हसायचं. फाल्गुन लागला की अण्णा चार दिवस पाखरं बघायला जायचे.

फाल्गुन म्हणजे शेतकऱ्याच्या घरात कोण धांदल. गुऱ्हाळ चालू, हळद काढायला आलेली, गडीमाणूस मिळत नाही. अशा वेळी हा बागायतदार घोंगडं खांद्यावर टाकून सर्व्हिस मोटारीत बसून माणदेशात निघालेला. कुणी टोकलं की अण्णा म्हणत, "माहेरवाशिणी निघायच्या आत भेटून याय नको? एकदा गेल्या म्हंजी दिवाळीपातूर तोंड दिसायचं न्हाई." उत्तरेतून आलेली पाखरं परत फिरायच्या आधी तलावांवर गोळा होतात. पाणीही तोवर आटत आलेलं असतं, त्यामुळे सगळी दाटीवाटीनं काठाजवळ येतात. हे मला अण्णांनीच सांगितलं.

त्यांच्याकडं एक दुर्बीण होती. मिरजेला कुणा गोऱ्या इंजिनिअरच्या सामानाचा लिलाव झाला, त्यातली. तिची डावी नळी आतून धुरकट झालेली. त्यामुळे अण्णा उजव्या डोळ्यानंच बघत आणि डावा डोळा असा घट्ट मिटत, की अर्धा चेहरा रागावलेला दिसे. तलावावर आले की डोक्याचा पांढरा रुमाल काढून ठेवत आणि मातकट रंगाचा जुना कोट घालत. पाखरांची पुस्तकातली नावं त्यांना ठाऊक नव्हती, पण एकूण एक पाखराचं नाव त्यांनी ठेवलं होतं, तेही गावातल्या माणसांवरून. लांब लाल पायांनी चिखल चुकवत चालणारा शेकाट्या म्हणजे शाळातपासणीस. चमच्यासारख्या चोचीनं डावीउजवीकडं पाणी उपसत जाणारा तलाठी. पाण्यात बुडी मारून भलतीकडंच वर येणारी टिबुकली म्हणजे त्यांचा मोठा साडू. चक्रवाकांची जोडी दिसली की मात्र नाव घेत नसत. नुसते म्हणत, "आली बगा नवराबायको."

बोट दाखवायला त्यांची सक्त मनाई होती. "बोट दावलं की उडतंय," म्हणायचे. आणि माझ्यासारखा नवखा दुर्बीण इकडून तिकडं फिरवायला लागला की हळूच ती खाली घ्यायला लावत. "हुडकाय जाऊ नका. गप बसा आणि सगळ्यांकडं मिळून बगा. बाकीच्यावानी जे वागत न्हाई, ते आपसूक डोळ्यात भरतंय."

शांतू लहान होता तेव्हापासून त्यांच्याबरोबर यायचा. आधी खांद्यावर, मग बोट धरून, मग अण्णांचं घोंगडं स्वतःच्या खांद्यावर घेऊन. मी पाहिला तेव्हा तो सांगलीला कॉलेजात होता. अंगानं किडकिडीत, आईसारखे मोठे डोळे. बापलेकांचं घरात फारसं पटत नसे. दोघंही हट्टी. शांतू खादी घालायला लागला त्यावरून, परीक्षा बुडवली त्यावरून, असे त्यांचे वाद रस्त्यापर्यंत ऐकू येत. पण तलावावर दोघं शेजारी बसले की अर्धा अर्धा दिवस एक शब्द बोलत नसत आणि दुर्बीण मागितल्याशिवाय या हातातून त्या हातात जात असे.

बेचाळीसच्या पावसाळ्यात शांतू घरातून गेला. आमच्या भागातली पुष्कळ मुलं तेव्हा गेली. कुठं तारा तोडल्या, कुठं चावडीवर निशाण लावलं, आणि मग वॉरंट निघालं म्हणून रानात. शांतूच्या नावानंही वॉरंट निघालं. पोलीस घरी आले, हळदीच्या कणग्या उपसल्या, रत्नाक्काला नाही नाही ते विचारलं. अण्णांना तालुक्याला नेऊन दोन दिवस बसवून ठेवलं. परत आले तेव्हा आवाज तोच होता, पण बोलण्याचं काही उरलं नव्हतं. संध्याकाळी दिवस कलायच्या आत पानावर बसत आणि भाकरी मोडून तशीच ठेवून उठत. रत्नाक्का मला हळूच म्हणायची, "कंपाउंडर, भूक लागायचं कायतरी औषध द्या की वो." आणि ती स्वतः काय खात होती, ते मी विचारायचं धाडस केलं नाही.

फाल्गुन आला. मला वाटलं, यंदा काही अण्णा जात नाहीत. तर एका सकाळी ते माझ्या दारात. त्यांच्यामागं एक तरुण पोलीस शिपाई उभा. अण्णा म्हणाले, "फौजदार म्हणाला, तुमी खुशाल जाऊन पाखरं बगा. आमचा मानूस तुमास्नी बगंल." शिपाई ओशाळून हसला. त्याचं नाव सिदबा. मूळचा माणदेशाकडचाच, म्हणून त्याला दिलेला.

मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी, चढ आला की उतारू उतरून चालत. अशा एका चढावर सिदबा मागं राहिला तेव्हा मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, हे चांगलं नाही. तुम्हाला गळाला लावलंय त्यांनी."

"म्हाईत हाय मला."

"मग कशाला जायचं?"

अण्णा थांबले. धापा टाकत होते. "त्याला मी हाताला धरून दावलंय ते तळं. फाल्गुनात त्यो तितं येणार. मी घरात बसलो तर त्यो येऊन बसंल आणि मी नसंन. नगो येऊ म्हणून सांगाय मला दुसरी वाट हाय का सांगा. न्हाई. मग मी नसण्यापरास असल्यालं बरं."

तोवर सिदबा जवळ आला आणि आम्ही पुढं चालायला लागलो.

तलावाची एक बाजू तेव्हा इंग्रजी मुलखात होती आणि पलीकडची संस्थानात. इकडच्या पोलिसाला तिकडं जायचं तर वरून हुकूम आणावा लागे. म्हणून रानातल्या मुलांचा वावर पलीकडच्या माळावर असायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही नेहमीच्या बाभळीखाली बसलो. समोर रोहित पक्ष्यांचा मोठा थवा, चिखलात माना खुपसून. पलीकडं माळावर मेंढरं चरत होती.

दुसऱ्या सकाळी अण्णांच्या हातातली दुर्बीण क्षणभर थांबली. एवढंच. लगेच पुढं सरकली, थापट्या बदकांवर गेली, परत रोहितांवर आली. पण त्यांचा मिटलेला डावा डोळा थरथरत होता. बऱ्याच वेळानं सिदबा जरा आडोशाला गेला तेव्हा त्यांनी दुर्बीण माझ्याकडं दिली आणि ओठ न हलवता म्हणाले, "मेंढरांच्या डाव्या अंगाला. घोंगडं पांघरलेलं. उन्हात बसून कुडकुडतंय. कसला ताप असंल वो?"

मी पाहिलं. दोन धनगर होते. एक काठीवर रेलून उभा. दुसरा गुडघ्यात डोकं घालून बसलेला, भर उन्हात घोंगडं घट्ट लपेटून. डोकं वर केलं तेव्हा ते मोठे डोळे मी ओळखले. "हिवताप दिसतो," मी म्हटलं.

"मरंल का?"

"कोयनेल मिळालं तर नाही मरणार."

लढाईमुळं कोयनेल सोन्यासारखं झालं होतं. माझ्या पिशवीत थोड्या गोळ्या स्वतःपुरत्या होत्या. अण्णांनी त्या रत्नाक्काच्या भाकऱ्यांबरोबर पाणी गाळायच्या फडक्यात बांधल्या आणि संध्याकाळी निघताना बाभळीच्या ढोलीत, शांतू लहानपणी पिसं साठवायचा तिथं, ठेवल्या. त्या संध्याकाळपासून त्यांनी पाणी प्यायलं नाही. फडकंच नव्हतं गाळायला. सकाळी येऊन पाहिलं तर ढोली रिकामी आणि फडकं धुऊन फांदीवर वाळत घातलेलं. अण्णांनी ते काढलं, घडी केली आणि सिदबाकडं पाठ करून बराच वेळ तोंडावर धरून बसले.

सिदबा वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो. त्याला दिवसभर आमच्याशेजारी बसून कंटाळा यायचा. मग तो विचारायला लागला, हे कुठलं पाखरू, ते कुठलं. अण्णांना कुणी पाखरांचं विचारलं की राहवत नसे. आणि शांतू गेल्यापासून त्यांना शेजारी बसून विचारणारं कुणी उरलं नव्हतं. दुर्बीण त्याच्या हातात द्यायलाच लागायची, नाहीतर संशय यायचा. ती देताना त्यांच्या कपाळावर घाम फुटायचा. त्याला ते भलत्याच बाजूची पाखरं दाखवायचे. आणि दाखवता दाखवता शिकवायचे. "फिरवू नगंस सिदबा. गप बस. सगळ्यांकडं मिळून बग. बाकीच्यावानी जे वागत न्हाई..." सिदबा मन लावून ऐकायचा. पुढल्या दिवशी त्यानं रोहितांच्या गर्दीतलं एक लंगडं पिल्लू आपणहून ओळखलं, तेव्हा अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रं गड्या." मी ती थाप पाहिली. त्यात खोटं काही नव्हतं.

ते वर्ष सुखरूप गेलं. वर्षभर शांतूची खबर नाही. मधूनच कुणीतरी उठवायचं, गोळी लागली, पकडला, नदीत वाहून गेला. रत्नाक्का दर वेळी माझ्याकडं यायची आणि ताठ उभी राहून विचारायची, "खरं का हो?" दुसऱ्या वर्षी फाल्गुनात अण्णा निघाले तेव्हा ती बोचकं घेऊन ओसरीवर तयार बसली होती. जन्मात ती पाखरं बघायला गेली नव्हती. उलट त्या नादाचा तिला तिटकारा होता.

"तू कुटं?" अण्णांनी विचारलं.

"तुमी लांबनं का हुईना, त्याला बगून आलासा. मी न्हाई बगितला."

"आगं शिपाई असतोय संगं. डोळ्यात पाणी दिसलं तरी खेळ खलास."

"न्हाई येणार पाणी. सरलंय."

सिदबा तोच होता. रत्नाक्काला बघून म्हणाला, "आक्का बी आल्या? चांगलं झालं. यंदा लय पाखरू हाय म्हणत्यात." त्यानं तिचं बोचकं उचलून गाडीत ठेवलं.

पहिल्याच सकाळी पलीकडं मेंढरं आली. अण्णांनी दुर्बीण फिरवली, थापट्यांवरून, चमच्यांवरून, आणि सहज दिल्यासारखी बायकोच्या हातात दिली. "ते तांबडं थवं बगितलंस? त्येच्या वरल्या अंगाला बग," एवढंच म्हणाले. रत्नाक्कानं ती उलटी धरली. अण्णांनी सुलटी करून दिली. तिनं दोन्ही डोळे लावले, मग एक मिटला, तोही चुकीचा. धुरकट नळीतून बघत राहिली.

"मला निस्तं पांढरंच दिसतंय," ती म्हणाली. "कुटं हाय? पाणीच दिसतंय निस्तं."

"दुसरा डोळा मीट."

"मीटलाय की वो. न्हाई दिसत. आवं, न्हाई दिसत मला." तिचा आवाज चिरकला. अण्णांनी दुर्बीण काढून घेतली. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि नुसत्या डोळ्यांनी पलीकडं बघत राहिली, जिथं माणसं जोंधळ्याच्या कणसाएवढीसुद्धा दिसत नव्हती.

पण पलीकडून तिचं हिरवं लुगडं दिसत असणार. कारण त्या सकाळी शांतू उठलाच नाही. मेंढरं सरकत माळावर गेली, दुसरा धनगर त्यांच्यामागं गेला, आणि हा तिथंच पाण्याकडं तोंड करून बसला. ताठ. नुसत्या डोळ्यांनाही एक काळा ठिपका दिसत होता.

सिदबानं दुर्बीण मागितली नाही. तो गप बसून सगळ्यांकडं मिळून बघत होता. मग म्हणाला, "अण्णा, त्यो धनगर मेंढरांकडं पाठ करून का बसलाय वो?"

अण्णा म्हणाले, "डुलकी लागली असंल."

"डुलकी लागल्यालं मानूस एवढं ताठ बसत न्हाई."

सिदबा थोड्या वेळानं उठला. "गावात जाऊन येतो. तंबाखू सरलीया," म्हणाला. त्याच्या कमरेची तंबाखूची चंची फुगलेली मला दिसत होती. अण्णांनाही दिसत होती. तो दिसेनासा झाल्यावर अण्णा माझ्याकडं वळले. म्हणाले, "मीच शिकीवलं त्याला. कंपाउंडर, मीच शिकीवलं."

लगेच उठून ते तलावाच्या भिंतीकडं निघाले, भिंतीवरून पलीकडं जायला. मी पळत त्यांच्यामागं. भिंतीच्या तोंडाशी दोन बंदूकवाले आधीच बसलेले, आणि त्यांनी आम्हाला मागं फिरवलं. पलीकडं जायचा हुकूम फौजदारानं यंदा आधीच आणून ठेवला होता, हे मागाहून कळलं. दुसऱ्या अंगानं जायचं तर दलदल. तोवर शांतूही मेंढरांमागं माळाआड गेला होता. ढोलीत चिठ्ठी ठेवावी, तर संध्याकाळपासून बाभळीपाशी पहारा बसलेला. अण्णांनी दिवसभर एकच धोशा लावला, उद्या येऊ नको, उद्या येऊ नको. रत्नाक्का म्हणाली, "येणार त्यो. मला बगून गेलाय. येणारच." तेवढं बोलून तिनं स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं.

सकाळी आम्ही बाभळीखाली होतो. सिदबाही होता, अण्णांच्या नजरेला नजर देत नव्हता. उजाडलं. रोहित शांत उभे. पलीकडं काहीच नव्हतं. अण्णा दुर्बीण लावून बसले होते आणि मी मनात म्हणत होतो, नाही आला, सुटला. तेवढ्यात पलीकडच्या काठावर, जिथं मेंढरं पाण्यावर उतरत त्या जागेच्या वरच्या गवतावर, दोन टिटव्या ओरडायला लागल्या. एकाच जागी घिरट्या घालून, खाली झेपावत, परत वर. गवतात काहीच दिसत नव्हतं.

अण्णांनी दुर्बीण खाली ठेवली. "माणसं हायत गवतात," म्हणाले. "पडून हायत." आणि त्याच वेळी माळावरून मेंढरांची रांग खाली उतरायला लागली.

अण्णा उठले. सिदबानं त्यांचा दंड धरला. "अण्णा, नका. पाया पडतो. माझी नोकरी जाईल." अण्णांनी त्याला असा झटकला, की तो बाभळीच्या काट्यांत जाऊन पडला. आणि तो माणूस, ज्यानं त्या काठावर कधी शिंकसुद्धा मोकळी दिली नव्हती, तो धोतरासकट पाण्यात शिरला आणि ओरडला. त्यांचा गावातला आवाज त्या काठावर मी पहिल्यांदा ऐकला. शब्द नव्हते त्यात. नुसती हाळी. हातानं पाणी बडवत, ढेकळं भिरकावत, पुढं पुढं, गुडघाभर, कमरेइतक्या पाण्यात. सगळा तलाव उठला. रोहित, बदकं, चमचे, पाणकोंबड्या, सगळी पाखरं एकदम. पंखांच्या आवाजानं कानठळ्या बसल्या. आभाळ आधी लाल आणि मग काळं झालं, आणि त्याखाली अण्णा ओरडत होते.

शांतूला कळलं. बापानं कधी पाखरू उडवलं नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो मेंढरांतून मागं वळला आणि माळाकडं पळाला. चांगला लांब गेला. दुसरा धनगर मात्र मेंढरांच्या पुढं होता, पाण्याजवळ. तो पळाला तेव्हा गवतातून बार झाले. तो पडला. शांतू थांबला. अण्णा पाण्यातून ओरडत होते, "पळ! पळ रं लेकरा!" पण शांतू परत खाली आला, त्या पडलेल्या माणसाकडं, त्याला उचलायला. तिथंच त्याला धरला.

पडलेल्याचं नाव म्हादू. जवळच्या वाडीतला, विधवा आईचा मुलगा. त्याचं कुणाशी वैर नव्हतं, कुठल्या सभेला तो गेला नव्हता. तापानं फणफणलेला एक अनोळखी पोरगा माळावर सापडला, त्याला त्यानं आपल्या मेंढरांत लपवला, दीड वर्ष भाकरी दिली, स्वतःचं घोंगडं दिलं. एवढाच त्याचा गुन्हा.

शांतूला शिक्षा झाली. अण्णा तुरुंगात भेटायला जात. शेचाळीसमध्ये मुलं सुटली. गावानं वेशीवर कमान उभी केली, वाजंत्री लावली. शांतू हडकला होता, केस गेले होते, पण उभा होता. हारांसकट तो घरात आला आणि अण्णांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "अण्णा, तुमी पाखरं उडवलीसा म्हणून मी जगलो."

अण्णा म्हणाले, "आणि म्हादू?"

शांतू उठून आत गेला. बाहेर वाजंत्री बराच वेळ चालू होती.

लोक अण्णांना दोष देत नव्हते. एखाददुसरा बोलायचा, की पोलीस शेजारी बसवून विद्या शिकवली. पण ते मागंमागं. समोर बोलली ती एकटी म्हादूची आई, हौसाक्का. म्हादू गेल्यावर त्याच वर्षी अण्णा तिच्या वाडीवर गेले होते. मी बरोबर होतो. काळीसावळी, काटक बाई. तिनं आम्हाला बघितलं आणि खुराड्याचं दार लावत लावतच म्हणाली, "तुमचा जित्ता हाय न्हवं? मग माज्या दारात काय बगाय आलायसा?" अण्णा अंगणात उभे राहिले. ती आत गेली, बाहेर आली, शेळीला पाला टाकला, पुन्हा आत गेली. अण्णा उभेच. दिवस मावळला तेव्हा मी त्यांना हाताला धरून नेलं. वाटेत ते म्हणाले, "खरं बोलली. काय बगाय गेलो हुतो मी?" आणि मग म्हणाले, "परत जाया पायजे."

ते परत गेले. पुन्हा पुन्हा गेले. जोंधळ्याचं पोतं नेलं तर तिनं ते पांदीत ओतलं. शांतूला सुटल्यावर घेऊन गेले तर तिनं शांतूला पोटाशी धरलं, खूप रडली, जेवायला वाढलं आणि अण्णांकडं पाहिलंसुद्धा नाही. अण्णांना त्याचं वाईट वाटलं नाही. मला म्हणाले, "त्याला जेवू घातलं तिनं. बास झालं." तलावाकडं मात्र ते पुन्हा फिरकले नाहीत. दुर्बीण त्यांनी कुठं ठेवली, मला माहीत नाही. रत्नाक्काला विचारलं तर ती म्हणाली, "नाव काडू नगा तिचं."

पुढं माझी बदली साताऱ्याला झाली आणि गाव सुटलं. दोन वर्षांनी लसी टोचायच्या कामावर म्हसवडच्या बाजूला जाणं झालं. माघ संपत आलेला. माळाच्या खोलगटात जोंधळा पिकून उभा होता आणि भोरड्यांचे थवेच्या थवे त्याच्यावर उतरत होते. हौसाक्काची वाडी जवळच, म्हणून पाय तिकडं वळले.

तिच्या रानात मधोमध चार मेढी रोवून माळा बांधलेला. माळ्यावर एक म्हातारा उभा, हातात गोफण. पांढरा रुमाल. मी ओळखायच्या आधी आवाज ओळखला. "हाऽऽ हाऽऽ हुर्र्!" असा तो आवाज माळाच्या त्या टोकापर्यंत जात होता. भोरड्या उठत, आभाळात गिरकी घेत आणि दुसऱ्या कोपऱ्यात उतरत.

मी खाली जाऊन उभा राहिलो. "अण्णा," म्हटलं.

त्यांनी वाकून पाहिलं. डोळे अधू झाले असावेत, ओळखायला वेळ लागला. "कंपाउंडर? आवं या की. कवा आलासा?" मोठ्यानं, गावातल्यासारखे बोलले. "शांतू बरा हाय. लगीन झालं. रत्नी बरी हाय."

"तुम्ही इथं कधीपासून?"

"पीक तयार झालं की येतो. तिचं एकटीचं रान. पाखरं राखाय कोण न्हाई." मग म्हणाले, "तीच म्हणाली. दारात हुबं ऱ्हातासा ते काम तरी करा."

तेवढ्यात रानाच्या बांधावरून हौसाक्का ओरडली, "आवं बागायतदार! गप्पा काय मारतायसा? ती बगा, बांदाकडंला बसल्यात समदी!"

अण्णा गर्रकन वळले. पायाशी मातीच्या ढेकळांचा ढीग होता. दगड एकही नव्हता. त्यांनी एक ढेकूळ गोफणीत घातलं, डोक्याभोवती फिरवलं आणि सोडलं. ते पाखरांच्या बरंच वरून गेलं आणि हवेतच फुटलं. भोरड्यांचा थवा उठला. काही उठल्या नाहीत.

"नेम धरा की जरा!" हौसाक्का ओरडली. "एक तरी पाडा!"

"व्हय, व्हय," अण्णा म्हणाले, आणि दुसरं ढेकूळ उचलायला वाकले.